मायचं अळणी जेवण

मायच्या पायांवर सूज आली तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. नवा महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. त्यामुळे कुणाचं काही दुखलं की सगळे माझ्याकडे बघायचे. मी इतिहास शिकत होतो, वैद्यकी नाही, पण हा फरक आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हता आणि मलाही तो सांगवत नसे. ज्या बाबांनी मला शिकवण्यासाठी स्वतःच्या अंगावर नवं धोतर घेतलं नाही, त्यांना 'हे मला येत नाही' असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

संग्रामपूरच्या बाजूला, पूर्णेकडे उतरत जाणाऱ्या काळ्या रानात आमचं गाव. तिथून मायला बैलगाडीनं आणि मग एसटीनं आम्ही खामगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या पायावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. रक्तदाब बघितला, लघवी तपासली आणि ते बाबांना म्हणाले, "किडनीवर सूज आहे. मीठ बंद. अजिबात बंद. लोणचं नाही, पापड नाही. हे पाळलं नाही तर बाई हाती लागणार नाहीत."

 घरी आल्यावर बाबांनी पहिल्यांदा मिठाचं मडकं उचललं आणि माळ्यावर ठेवलं. लोणच्याची बरणी शेजारच्या काकूकडे गेली. मायची भाजी वेगळी, मायचं वरण वेगळं. भाकरीच्या पिठाला मीठ लागत नव्हतंच. स्वयंपाक माझी धाकटी बहीण करायची आणि बाबा चुलीपाशी राखणीला बसल्यासारखे बसायचे.

मीही माझ्या परीनं भर घातली. आमच्या होस्टेलच्या सुपरिंटेंडंट साहेबांना निसर्गोपचाराचा मोठा ध्यास होता. ते आम्हाला मोड आलेली मटकी खायला लावत, सकाळी उन्हात बसवत, आठवड्यातून एक दिवस बिनमिठाचं जेवण देत. अन्न हेच औषध, असं ते सांगत आणि माझा त्यावर मनापासून विश्वास होता. सुट्टीत घरी आलो की मी मायसाठी मूग भिजवायचो, काकडी चिरायचो, भाकरीवर लिंबू पिळायचो.

"बाबू, हे त ढोराचं खानं हाय," माय मुगाकडे बघून म्हणायची.

"माय, मोठमोठे लोक खातात हे."

"मंग मोठ्या लोकाइलेच चारून ये ना." पण खायची. पोरगा शिकून आला आहे, तो सांगतो ते खायचं, एवढंच तिला कळत होतं.

अळणी घास तिच्या घशाखाली उतरत नसे. म्हणून ती तांब्या शेजारी घेऊन बसायची. एक घास, एक घोट. मी विचारलं तर म्हणाली, "पान्यासंगं घास गोड लागते रे." मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आमचे सुपरिंटेंडंट साहेबही भरपूर पाणी प्या म्हणायचे.

सूज उतरली नाही. उलट चेहऱ्यावर आली. सकाळी उठली की मायचे डोळे उघडायचे नाहीत, बहीण ओल्या फडक्यानं पापण्या पुसायची. पुन्हा खामगावला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ मायलाच विचारलं, "आजी, चोरून मीठ खाता का?"

माय चाळिशीचीही नव्हती. ती आजी या शब्दानंच इतकी गडबडली की तिला उत्तर सुचलं नाही. बाबांना मात्र तिच्या गप्प बसण्याचा वेगळाच अर्थ लागला.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे झालं ते मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. बाबांनी मायचं गाठोडं सोडलं. उशी झाडली, धान्याच्या कणगीत हात घातला. मायचा पदर धरून गाठ चाचपली. सुपारीचं खांड निघालं, बाकी काही नाही.

"खरं सांग. काकूच्या घरी जाऊन लोनचं खातं का?"

"तुमच्या गळ्याची आन. जिभीले शिवलं नाही."

"मंग अंगावर हे कायचं चढून राह्यलं? डाक्टर खोटं बोलते?"

माय भिंतीकडे तोंड करून रडली. शेजारची काकू दारात येऊन म्हणाली, "भाऊजी, बरणी मोजून न्या वाटलं तर. तिनं मांगलं असतं तरी म्या देल्लं नसतं." बाबा खाली बसले. त्यांना तिच्यावर राग नव्हता, हे मला आता कळतं. ती मरेल ही भीती होती आणि त्या भीतीला दुसरी वाट सापडत नव्हती.

मायच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून बहिणीचं लग्न घाईनं ठरलं. मुलगा चिखलीकडचा, घरचं शेत, स्वभावानं हसरा. लग्नाआधी दोन बैलगाड्या टाक्या घेऊन नदीवर गेल्या. आमच्याकडे ही रीतच आहे. गावातल्या विहिरींच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. घरी रोज खायचा सोडा टाकून ती कशीबशी मऊ करतात, पण पंगतीच्या डाळीला सोडा चालत नाही, ती काळवंडते. म्हणून लग्नाच्या स्वयंपाकाला कोसभर लांबच्या नदीतलं पाणी आणायचं. सातपुड्यातून येणारी ती नदी हिवाळ्यानंतर आटते, पण वाळूत हातभर खणलं की पाणी झिरपतं. त्याला झिरा म्हणतात. त्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजते. वऱ्हाडी मंडळींनाही त्या दिवशी तेच पाणी प्यायला देतात. लग्न लागेपर्यंत पाहुण्यांना गावच्या विहिरीचं पाणी दाखवायचं नाही, असा अलिखित नियम.

गावचं पाणी दाखवतात ते नंतर, जावई पहिल्यांदा सासरी आला की. त्याचा एक खेळच असतो. जावई ओसरीवर बसला की गल्लीतल्या बाया-पोरी गोळा होतात, मेहुणी तांब्याभर पाणी आणून देते आणि सगळ्या त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहतात.

आमचे जावई आले. चिखलीचा उन्हातला प्रवास करून आलेले, तहानलेले. चुलत बहिणीनं तांब्या पुढे केला. त्यांनी मान वर करून मोठा घोट घेतला आणि गाल फुगवून तसेच थांबले. गिळावं की थुंकावं ते त्यांना कळेना.

ओसरी हसून लोटपोट झाली.

"प्या ना जावाईबापू! सासरचं पानी हाय!"

"तुमच्या चिखलीच्या पान्याले चवच नाही म्हंते, खरं काय?"

जावयांनी डोळे मिटून घोट गिळला. तेही हसत होते. "अहो, चेष्टा करता त करा, पण पान्यात एवढं मीठ कायले टाकलं?"

"टाकलं नाही हो. देवानंच टाकून देल्लं!"

आणखी हसू. माय आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. सुजल्या चेहऱ्यानं तीही हसत होती. तिच्यापुढे ताट होतं, ताटात अळणी वरण आणि भाकरी, शेजारी तांब्या. हसता हसता तिनं घास तोंडात घातला आणि वरून पाणी प्यायली.

मी ते बघितलं.  सगळे अजून हसत होते.

मी उठलो, मायच्या हातातला तांब्या घेतला आणि एक घोट जिभेवर धरला. चार वर्षं मी बाहेरचं पाणी प्यायलो होतो. दर सुट्टीत पहिला घोट मलाही खारट लागायचा आणि संध्याकाळपर्यंत जीभ विसरून जायची. या वेळी मी तिला विसरू दिलं नाही. मीठ होतं. नुसती चव नाही, मीठ होतं.

"बाबा," मी म्हणालो, "मायचं वरण कोणत्या पाण्यात शिजतं?"

"कोनत्या म्हंजे? आपल्या हिरीच्या."

"सोडा घालून?"

"त्याबिगर शिजते का ते?"

"बाबा, सोडाही मिठाचाच भाऊ आहे. आणि हे पाणी..." मी तांब्या त्यांच्यापुढे धरला. "आपण तिला रोज मीठ पाजून राहिलो."

 जावयांना वाटलं आपलंच काही चुकलं. ते अर्धवट उठून उभे राहिले.

"येड्यावानी काय बोलतं बे?" बाबा म्हणाले. "मीठ मडक्यात असते. हे पानी हाय. माह्या बापानं, आज्यानं हेच पानी पेल्लं."

"आणि ते कशानं गेले?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता, असं विचारल्याबरोबर वाटलं. कारण उत्तर ओसरीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. आजोबा अंगावर सूज येऊन गेले. मोठे काकाही तसेच. आमच्या गल्लीत त्या दुखण्याला कुणी रोगच म्हणत नसे. माणूस थकला की फुगतो, असं म्हणत. केस पांढरे होतात तसं. मी इतकी वर्षं ती माणसं बघितली होती, त्यांना खांदा दिला होता. डाळ शिजत नाही म्हणून आम्ही कोसभर गाड्या जुंपत होतो. माणसासाठी ती गाडी कुणी कधी जुंपली नव्हती.

तेव्हा माय पहिल्यांदा बोलली. बाबांकडे बघून, अगदी हळू. "म्हनून घास गोड लागे वो. म्या चोरून नवतं खाल्लं."

 दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बाबांनी गाडी नदीवर नेली.

गोडं पाणी मायला अजिबात आवडलं नाही. "याच्यात काही लागतच नाही बाप्पा. कापूस चावल्यावानी लागते." चहा फिक्का, वरण फिक्कं, पाणीही फिक्कं. पहिले काही दिवस ती जेवणावरून चिडचिड करायची, मग रडायची. मी लिंबू, लसूण, कोथिंबीर, भाजलेले तीळ असं जे सुचेल ते तिच्या ताटात घालत होतो. बाबा तिच्यासमोर बसून म्हणायचे, "खाय. माह्यासाठी खाय." त्या माणसाच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

सूज हळूहळू उतरायला लागली. आधी डोळ्यांची, मग चेहऱ्याची. खामगावच्या डॉक्टरांनी पायावर अंगठा दाबला, खळगा पडला नाही. काय केलं म्हणून त्यांनी विचारलं आणि मी पाण्याचं सांगितलं.  ते बाहेरगावचे होते. त्यांच्या टेबलावरच्या काचेच्या ग्लासात गोडं पाणी होतं. "हे मला कुणी कधी सांगितलं नाही," ते म्हणाले. खरं होतं. आपल्या गावच्या पाण्याची तक्रार डॉक्टरकडे कोण करणार?

पास झाल्यावर मला चिखलीच्या शाळेत नोकरी लागली. माय बरी आहे, अळणी खाते, नदीचं पाणी पिते, असा निरोप जावयांकडून यायचा. मी निश्चिंत होतो. दिवाळीला घरी गेलो आणि बाबांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांच्या घोट्यांची हाडं सुजेत बुडून गेली होती.

मी अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"बाबा, तुम्ही कोणतं पाणी पिता?"

"कोनतं म्हंजे? आपल्या हिरीचं."

"आणि नदीचं?"

"ते तुह्या मायच्या दवाईचं हाय." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला धक्का पचवायलाही वेळ मिळाला नाही. रोज पहाटे हाच माणूस कोसभर गाडी नेत होता. उन्हाळ्यात कमरेइतकी वाळू उपसत होता. टाकी भरून आणत होता आणि घरी आल्यावर खाऱ्या विहिरीचं पाणी पीत होता. गोडं पाणी आमच्या घरी औषध झालं होतं. औषध ज्याचं त्यानंच घ्यायचं, निरोग्यानं त्याला हात लावायचा नाही. गल्लीतही सगळ्यांनी तसंच मानलं होतं. मायची चौकशी करायला येणारे तिच्या मडक्याकडे आदरानं बघायचे आणि घरी जाऊन विहिरीचं पाणी प्यायचे.

मी समजावू लागलो. किडनी, क्षार, जे वाचलं होतं ते सगळं. बाबा ऐकत होते आणि मान हलवत होते. "हाव हाव. पन पुरलं पायजे ना. मी प्यालो त तिले काय उरनार?"

माय चुलीपाशी होती. ती उठली, आपलं मडकं उचललं आणि आमच्या दोघांच्या मधे आणून ठेवलं. मग ताटावर येऊन बसली. तिच्या ताटात भाकरी होती, पण हात मांडीवर.

"खाय ना," बाबा म्हणाले.

"नाही खात."

"काऊन?"

"तुमी याच्यातलं प्या. मंग मी खातो. तुमी खारं पेसान त मीबी आजपासून खारंच पेतो. पाहू मंग कोन आधी फुगते."

"येडी झाली का तू?"

"हाव, झाली."

तिनं खरोखरच विहिरीच्या पाण्याचा तांब्या ओढून घेतला आणि तोंडाजवळ नेला. बाबांनी झडप घालून तिचा हात धरला. पाणी दोघांच्या अंगावर सांडलं. ते तसेच बसून राहिले, तिचा हात धरून. मग बाबांनी मला म्हटलं, "दे रे. दे एक गिलास."

मी दिला. त्यांनी तो सावकाश संपवला आणि रिकामा पेला मायपुढे आडवा धरून दाखवला. मायनं भाकरीचा तुकडा मोडला.

"उद्यापासून दोन टाक्या लागतीन," बाबा मला म्हणाले. "जास्तीची टाकी चिखलीत भेटते का पाहून ठेव."