वाडी वर आणायची होती

बॉयलरदादा अनोळखी माणसाला त्याचा फोन उघडायला लावायचे. महाडच्या एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही. शेजारी कुणी फोन बघत बसलेला दिसला की म्हणायचे, "भाऊ, जरा एक नाव टाकून बघता काय नेटवर? माझ्या फोनवर नको, तुमच्याच." लोक दचकायचे. हल्ली फोनच्या बाबतीत कोण कुणावर विश्वास ठेवतो? म्हणून दादा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. समोरच्याने नाव टाकलं की मान वाकडी करून स्क्रीनकडे बघायचे. "खाली सरकवा. अजून खाली. अजून." मग "ऱ्हाऊ दे, आभारी हाय," म्हणून चालू लागायचे.

ते नाव त्यांच्या वाडीचं होतं. ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं, तर वाचणारा फोनवर शोधेल, आणि जे कुणाला दिसू नये म्हणून दादांनी एवढी वर्षं घातली, तेच त्याला आधी दिसेल.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते बॉयलरवर होते, म्हणून आमच्या गल्लीत त्यांचं नाव बॉयलरदादा पडलं. माझं दुकान बाजारपेठेत, एका जिन्याखाली. हॉटेलवाले, डॉक्टर, रायगड बघायला येणाऱ्यांना खोल्या देणारे यांच्या वेबसाइट मी बनवते, आणि सर्चमध्ये त्या वर याव्यात म्हणून खटपट करते. पाटीवर तसंच लिहिलंय. ती पाटी वाचून दादा एका दुपारी पहिली पाळी संपवून आत आले. अंगावर कारखान्याचा निळा शर्ट, हातात हेल्मेट. म्हणाले, "ताई, तुम्ही वर आणता म्हणं. तसं एखादं खाली पण नेता येतं काय?"

मी त्यांना बसायला सांगितलं. त्यांनी वाडीचं नाव सांगितलं आणि पुढचं मला विचारावं लागलं नाही.

ज्या जुलैत महाडच्या बाजारात पाणी पहिल्या मजल्याला लागलं, त्याच पावसात पोलादपूरकडच्या त्यांच्या वाडीवर डोंगर आला. दादा तेव्हा पाळीवर होते. रस्ते बंद झाले, ते कारखान्यातच अडकले. पोचले तोवर घर नव्हतं आणि बायको नव्हती. मुलगी सायली वाचली, कारण ती वाडीत नव्हतीच. त्या वर्षी शाळा फोनवर भरायच्या आणि वाडीत रेंज नव्हती, म्हणून तिला नालासोपाऱ्याला आत्याकडे ठेवली होती. दादा हे नेहमी एकाच वाक्यात सांगायचे. "रेंज नव्हती म्हणून पोरगी ऱ्हायली." 

पुढच्या वर्षी सायलीला शाळेत 'माझं गाव' असा प्रकल्प आला. तिने फोन करून वडिलांकडे वाडीचा फोटो मागितला. फोटो होते ते सगळे घराबरोबर गेले. दादा पाळीवर निघायच्या घाईत बोलून गेले, "नेटवर बघ ना, असंल." फोन ठेवल्यावर त्यांनी स्वतःच नाव टाकून बघितलं. आणि लगेच परत फोन लावला, बघू नको म्हणून सांगायला. आत्याने सांगितलं, तिने काही बघितलं नाही, नेटच चालत नव्हतं, आम्ही दुसऱ्याच एका गावाचं चित्र चिकटवलं. दादांचा जीव भांड्यात पडला. पण आज नाही तर उद्या ती बघणार, हे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

"खाली ढकलता येत नाही, दादा," मी म्हटलं. "दुसरं काहीतरी चांगलं वर आणायचं. ते वर आलं की हे आपोआप खाली जातं."

"म्हंजे पुढं गर्दी करायची," ते म्हणाले. "जमंल."

वाडीची वेबसाइट आम्ही अशी सुरू केली. मुंबईत कामाला असलेल्या वाडीकरांकडे जाऊन दादांनी फोटो गोळा केले. शिमग्याची पालखी, नाचणीची लावणी, शाळेसमोरचं झेंडावंदन, कुणाच्या तरी लग्नात ओळीने बसलेल्या बायका. मी त्यांना सांगितलं की यंत्राला फोटोतलं नीट कळत नाही, त्याला शब्द लागतात, प्रत्येक फोटोखाली लिहायला हवं. मग दादा सांगायचे आणि मी टाइप करायची. एका म्हातारीच्या फोटोखाली मी लिहिलं, 'तान्हीकाकी. हिच्या हातच्या भाकऱ्या सगळ्या वाडीत नावाजलेल्या होत्या.' दादांनी थांबवलं. "नावाजलेल्या हायत, असं लिवा. होत्या लिवलं की माणूस इचारतो, काय झालं." तान्हीकाकीही त्या दिवशी गेली होती. मी 'आहेत' लिहिलं. सगळी वेबसाइट तशीच, वर्तमानकाळात आहे.

दुसऱ्या वेबसाइटनी आपल्याकडे बोट दाखवलं, म्हणजे आपली लिंक दिली, की सर्चला आपण भरवशाचे वाटतो, हे त्यांना मी समजावलं. ते त्यांना इतकं पटलं की सुट्टीच्या दिवशी ते बोटं मागायला निघायचे. पोलादपूरची एक शाळा, मुंबईतलं वाडीकरांचं मंडळ, डोंगर चढणाऱ्या पोरांचा एक गट, जिथे कुठे वेबसाइट असेल तिथे जाऊन म्हणायचे, "आमच्या वाडीकडं एक बोट दाखवा." बहुतेकांना ते काय मागताहेत हेच कळायचं नाही. काहींना वाटायचं मदत मागताहेत, ते खिशात हात घालायचे. दादा घाईने म्हणायचे, "नाय नाय, पैसे नको. लिंक पायजे."

हळूहळू वेबसाइट निकालांच्या दुसऱ्या पानावर आली. आणि एक दिवस दादा दुकानात आले ते पेढे घेऊनच. "पहिली आली ताई. सगळ्यांच्या वर." मी त्यांचा फोन बघितला. खरंच पहिली होती. असं का, ते माझ्या लक्षात आलं आणि सांगू की नको असं झालं. पण खोटं बोलले तर कधीतरी त्यांना कळणारच होतं. म्हटलं, "दादा, तुम्ही रोज ती उघडता ना? फोनला ते कळतं. म्हणून तो तुम्हाला ती आधी दाखवतो. दुसऱ्याला नाही दाखवत."

ते फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मला बरं वाटावं म्हणून दाखवतोय." पेढ्यांचा पुडा त्यांनी तरीही माझ्या टेबलावर ठेवला. त्या दिवसापासून ते परक्या माणसांच्या फोनवर वाडी शोधू लागले.

एक उपाय मला पहिल्यापासून माहीत होता. लोक वाडीच्या नावाबरोबर 'दरड' हाच शब्द टाकत होते. तो आमच्या पानांवर कुठेच नव्हता. एकदा मी म्हटलं, "एक पान करू या त्या दिवसाबद्दल. तुमच्या शब्दांत, नीट, मान राखून. वेबसाइट चटकन वर येईल."

"नको."

"का पण?"

"वाडी माझ्या पणजोबाच्या आधीपासून हाय. दरड एका दुपारची. तिला कशाला घरात घेऊ?"

मी पुन्हा तो विषय काढला नाही. त्याऐवजी वाडीजवळच्या धबधब्याचं एक पान केलं. पावसाळ्यात लोक धबधबे शोधतात. ते पान मात्र भराभर वर चढलं, आणि दादा खूश होते. मग एका रविवारी ते वाडीच्या जागेवर दिवा लावायला गेले, तर वर गाड्या उभ्या. पुण्या-मुंबईची पोरं धबधब्यात भिजून आली होती आणि मातीच्या ढिगाऱ्यावर चढून फोटो काढत होती. त्यातल्या एकाने दादांनाच विचारलं, "काका, ती घरं नेमकी कुठे गाडली गेली?" दुसऱ्या दिवशी दादांनी मला एवढंच सांगितलं, "धबधबा काढून टाका." मी काढला. वेबसाइट पुन्हा खाली गेली.

तोवर मला वाटत होतं, दादांना सगळ्याच बातम्या, सगळेच फोटो खाली न्यायचे आहेत. ते तसं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. एका बातम्यांच्या वेबसाइटवर एक फोटो होता, जो नाव टाकताच सगळ्यात आधी यायचा. चिखलातून फळीवर ठेवून एक मृतदेह नेताहेत, चेहरा झाकलेला, साडीचा काठ फळीबाहेर लोंबतोय. तो काढावा म्हणून आम्ही त्या वेबसाइटवाल्यांना विनंती पाठवली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. फोटोतल्या व्यक्तीचा चेहरा दिसत नाही, ओळख पटत नाही, त्यामुळे आक्षेप ग्राह्य धरता येत नाही.

मी ते दादांना वाचून दाखवलं.

"ओळख पटत नाय?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तो मोरपंखी काठ हाय ना. गौरीला घेतलेली साडी. इथंच, चवदार तळ्याच्या रस्त्याला. सायली पण होती बरोबर, तिनंच रंग निवडला." मग म्हणाले, "मी पोरीला सांगितलंय, आई दुपारची पडली होती, झोपेतच गेली, काय लागलं नाय. आणि फोटोत हात असा हाय." त्यांनी स्वतःचं मनगट वाकडं करून दाखवलं, आणि लगेच तो हात खिशात घातला.

त्यानंतर मी त्यांचं काम रोज करू लागले. दुकान उघडलं की आधी त्यांची वेबसाइट, मग बाकीच्यांच्या. फोटो हलके केले, पानं लवकर उघडतील असं केलं, नकाशावर वाडीची जागा लावली. उन्हाळ्यात ती चढायची. मग जुलै यायचा. दर जुलैला बातम्यावाले तो दिवस आठवायचे, नव्या मथळ्याखाली तोच फोटो लावायचे, आणि आमचं वर्षभराचं काम दोन दिवसांत खाली जायचं. पहिल्या वर्षी दादा हळहळले. नंतर ते जूनमध्येच म्हणायला लागले, "आता महिनाभर काय करू नका ताई. पुरात होडी घालू नये."

सायली दहावीची परीक्षा देऊन आली, तेव्हा दादा तिला माझ्याकडे घेऊन आले. उंच, शांत मुलगी, केसांना दोन क्लिपा. दादा उसाचा रस आणायला गेले आणि आम्ही दोघीच राहिलो. काय बोलावं म्हणून मी वेबसाइट उघडून तिला दाखवायला लागले.

"ताई, तो फोटो मी बघितलाय," ती म्हणाली.

"कधी?" मी विचारलं.

"प्रोजेक्टच्या दिवशीच. बाबांचा दुसरा फोन यायच्या आधी. आत्याला सांगितलं, नेट चालत नाही."

"साडी..."

"मीच निवडली होती ना." ती स्क्रीनवरचा पालखीचा फोटो बघत होती. "तुम्ही बाबांना सांगू नका. ते रविवारी फोन करतात, तेव्हा हेच सांगतात. कुणाच्या फोनवर कितवं आलं, कुणी लिंक दिली. तेवढंच ते माझ्याशी मोकळेपणी बोलतात. बाकी त्यांना काय बोलायचं ते सुचत नाही. मलाही नाही सुचत."

दादा तीन ग्लास सांभाळत आत आले. "बघितलंस पान?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. नाव टाकलं, पहिलंच आलं."

"कुणाच्या फोनवर?"

"ताईंच्या."

"ताईंचा धरायचा नाय," दादा गंभीरपणे म्हणाले. "त्या रोज उघडतात." आणि रस तिच्या हातात देत पुढे म्हणाले, "पण तू काय काळजी करू नको. येतोय वर." सायलीने मान हलवली आणि ग्लास तोंडाला लावला.

गेल्या वर्षी त्यांच्या कारखान्याने तो बॉयलर काढला. ठेकेदाराने दादांना गुजरातेतल्या एका कारखान्यात काम दिलं. सायलीच्या पुढच्या शिक्षणासाठी ते हवंच होतं. निघायच्या दिवशी मी स्टँडवर गेले. त्यांच्याजवळ एक बॅग आणि एक पिशवी. पुनर्वसनात मिळालेल्या घराची किल्ली शेजाऱ्याकडे दिली, म्हणाले. गाडी लागली तेव्हा ते पायरीवर एक पाय ठेवून थांबले. मला वाटलं, आता सांगावं. पोरीने बघितलंय दादा, आता थांबलात तरी चालेल. पण थांबून ते काय करणार होते?

"ताई, तिकडच्या लोकांच्या फोनवर टाकून बघीन," ते म्हणाले. "तिकडं आपलं कुणी नाय. तिथं जे दिसंल ते खरं."

"बघा आणि कळवा," मी म्हटलं.

या जुलैत त्यांचा फोन आला. मागे यंत्रांचा आवाज होता. त्यांच्या खोलीतल्या एका बिहारी मुलाच्या फोनवर त्यांनी वाडी शोधली होती. "आपलं कायच दिसलं नाय," ते म्हणाले. "सरकवून सरकवून त्या पोराचं बोट दुखलं. सगळी मातीच."

"जुलै आहे ना, दादा."

"हां. जुलै हाय." पुढे म्हणाले, "सायलीला म्हटलं, मधल्या पानावर हाय. तिला हल्ली अभ्यासातनं बघायला येळ होत नाय, ते बरं हाय." मग त्यांनी विचारलं, "पाऊस किती हाय तिकडं?"

"सावित्री दुथडी भरून चाललीय," मी म्हटलं.

"मग उघडला की लागू परत कामाला," दादा म्हणाले, आणि पाळीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.