खोट्या पाहुण्यांत बाबा

भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात आधी टिंगल करणारी मीच. आता हसू येत नाही, म्हणून लिहितेय.

दिल्लीत द्वारकेला आईबरोबर राहते, वेबसाइट बनवते. इथल्या आमच्या मराठी मंडळाची साइटही मीच केली. तिच्यावर आईच्या गणपतीतल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचं एक पान आहे. बाबा, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, रोज सकाळी चहानंतर तेच उघडून बसायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, मी इथेच आहे की! मलाच सांगा ना गायला!"

त्यांचा टॅब्लेट जुनापुराणा, पण सगळा मराठीत सेट केलेला. म्हणायचे, "दिवसभर बाहेर हिंदी. निदान मशीनशी तरी मराठीत बोलू दे यार!" तो बिघडला, कबाडीवाल्याने नेला. पाठोपाठ बाबाही गेले. आईचं गाणं तेव्हापासून बंद आहे.

गेल्या हिवाळ्यात मी साइट तपासत होते. त्यासाठी आम्ही एका प्रोग्रॅममधून साइटवर खोटे पाहुणे सोडतो. एक छोटी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार कोड, प्रत्येकाला रँडम ओळख देते... हा अमुक फोन, तो तमुक ब्राउझर. त्यांनी फक्त पहिलं पान उघडायचं, एवढंच मी सांगितलं होतं. नंतर साइटवर कोण आलं त्याच्या नोंदी बघितल्या, तर त्यात बाबांच्या टॅब्लेटची ओळ! तेच मॉडेल, भाषा मराठी. ते असताना ही ओळ मी रोज बघायचे, चुकणं शक्यच नाही. आणि त्या एकट्या पाहुण्याने पुढे जाऊन आईच्या गाण्याचं पान उघडलं होतं.

लायब्ररीचा सगळा कोड वाचला. ते मॉडेल त्यात नाहीच — भाषा तर ती ओळखीत लिहीतसुद्धा नाही. ऑफिसमधला मित्र म्हणाला, "अरे यार, कोई बग होगा." बिल्कुल असेल. मग सापडत का नाही?

आईला सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "अच्छा... पूर्ण ऐकलं का गं त्यांनी?"

मला रडू आवरेना.

त्यानंतर कितीदा तरी तो प्रोग्रॅम चालवला. सगळे अनोळखी फोन. ते कसं झालं, मला अजून कळलेलं नाही. आई मात्र रोज चहा ठेवताना विचारते, "आज आले?"

ती ओळ मला पाठ आहे. प्रोग्रॅममध्ये हाताने टाकली, की नोंदीत बाबा आले. खोट्या ओळखी देणं हे तर माझं रोजचं काम. पण तेवढी एक देववत नाही.

"आज नाही गं," म्हणते, आणि पुन्हा रन करते.