कादंबरीचं सासर

नकार पचवण्याच्या बाबतीत आमच्या मामेसासऱ्यांचा हात धरील असा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये नाही. तालुका म्हणालात तरी माझी हरकत नाही. इतरांना नकार आला की जेवण जात नाही, मामांना नकार आला की भूक लागते. त्यांच्या कादंबरीला कुठल्याही प्रकाशकाकडून ‘क्षमस्व’ आलं, की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मामींना सांगायचे, “पोहे टाका.” मग रीतसर कांदेपोहे व्हायचे, वर ओलं खोबरं पडायचं आणि मामा खुर्चीत मांडी घालून शांतपणे दोन बशा संपवायचे. “पोहे आपले, घर आपलं. गेलं ते फक्त स्थळ,” असं त्यांचं म्हणणं. वडाळे तलावाच्या बाजूला त्यांची गल्ली आहे. भलत्या वेळी तिथे फोडणीचा वास सुटला, की समोरचा किराणावाला गिऱ्हाइकाला सांगायचा, “मामांची परत आली वाटतं.”

‘परत आली’ म्हणजे कादंबरी. पण मामा तिला कधी कादंबरी म्हणत नसत, ‘ती’ म्हणत. याचं मूळ त्यांच्या पूर्वायुष्यात आहे. पोटासाठी ते सरकारी मोजणीदार होते, उलव्यापासून करंज्यापर्यंत लोकांच्या शेतांच्या हद्दी त्यांनी मोजल्या. पण जीव ओतून केलेलं काम म्हणजे स्थळं बघणं. मामा-मामींना मूलबाळ नाही. मामांनी बहिणींच्या सगळ्या मुली उजवल्या, आणि त्यातली एकही फसली नाही. माझी बायको त्यांतलीच एक, म्हणजे निदान ती फसली नाही असं मामांचं मत आहे.

त्यांची पद्धत साधी होती. मुलाकडे ठरलेल्या दिवशी कधीच जायचं नाही, आदल्या दिवशी जायचं. “उद्या पाहुणे येणार म्हटल्यावर कुणाचंही घर चांगलंच दिसतं,” असं ते म्हणत. आमच्या पेणच्या घरी मंडळी रविवारी यायची होती. शनिवारी दुपारी एक अनोळखी गृहस्थ दारात उभे राहिले, कुणा कर्व्यांचा पत्ता विचारला आणि पाणी मागितलं. मी बनियनवर होतो. उठलो, पाणी दिलं, आमच्या आळीत कर्वे नाहीत असं सांगितलं आणि पुन्हा जाऊन आडवा झालो. मामांनी पनवेलला परतून अहवाल दिला, “मुलगा पाणी द्यायला स्वतः उठला, आईला हाक मारली नाही. पुढे बोला.” तेवढ्यावर माझं लग्न जमलं. नोकरीची चौकशी त्यांनी नंतर केली.

दुसरा नियम, नकाराचं कारण विचारायचं नाही. “खरं कारण कुणी सांगत नाही. आणि खोटं सांगितलं, तर आपण ते जन्मभर खरं धरून बसतो.” हे ते अनुभवाने बोलत. माझ्या एका मेहुणीला कुणीतरी ‘मुलगी जरा उंच आहे’ म्हणून नाकारलं होतं. ती बिचारी पुढे कितीतरी दिवस खांदे पाडून चालायची. शेवटी मामांनी तिला असं सासर शोधून दिलं की तिथल्या सासूबाईसुद्धा दाराच्या चौकटीला वाकून आत येतात.

निवृत्तीनंतर भाच्या संपल्या. मामा काही दिवस घरात येरझाऱ्या घालत होते, मग त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. एक मोजणीदार गावाची जमीन मोजायला जातो आणि एक म्हातारी आपल्या शेताच्या बांधावरून उठायलाच तयार होत नाही, अशी ती गोष्ट. दोन-तीन वर्षं लिहीत होते. लिहून झाली तेव्हा मामी म्हणाल्या, “झालं. आता हिला स्थळं बघणार.” मामींनी थट्टा केली होती, पण मामांनी दुसऱ्या दिवसापासून खरोखरच स्थळं बघायला सुरुवात केली.

लेखक लोक प्रकाशकांना हस्तलिखित पाठवतात आणि वाट बघत बसतात. मामांना हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. मुलीचा फोटो पाठवून गप्प बसणारा बाप त्यांनी पाहिला नव्हता. हस्तलिखित पाठवल्यावर आठवड्याभरातच ते पुण्याच्या एका मोठ्या, नावाजलेल्या प्रकाशकाकडे न कळवता जाऊन थडकले. साहेब मीटिंगमध्ये होते. मामा बाहेरच्या बाकावर बसून घर न्याहाळत राहिले. व्हरांड्यात आलेल्या हस्तलिखितांचा ढीग होता आणि त्यावर एसीचं पाणी गळत होतं. मामा उठले, ढिगातून आपली शोधून काढली, झटकली आणि पिशवीत घालून घरी आणली. “अहो, त्यांनी नाही कुठे म्हटलं होतं?” मी म्हणालो. त्यावर मामांनी मला सुनावलं, “त्यांनी नाही, मी म्हटलं. सुनेला व्हरांड्यात झोपवणारं घर नको मला. नकार आपल्यालाही देता येतो जावईबापू, मुलीच्या बापाला हे कुणी सांगतच नाही.”

मग ठाण्याचं एक स्थळ आलं. त्यांना कादंबरी फार आवडली होती, फक्त छपाईच्या खर्चात लेखकाने ‘सहभाग’ घ्यायचा होता. मामांनी फोन स्पीकरवर टाकून आम्हा सगळ्यांना ऐकवला आणि शेवटी त्या गृहस्थांना अतिशय नम्रपणे विचारलं, “हुंडा घेणं गुन्हा आहे, कल्पना आहे ना आपल्याला?” आणखी एक तरुण, उत्साही प्रकाशक महिन्याभरात पुस्तक बाजारात आणायला तयार होता. मामांनी त्याला म्हातारीबद्दल विचारलं. तो म्हणाला, “कुठली म्हातारी?” मुलगी न बघता हो म्हणतोय म्हणजे नवऱ्या मुलातच काहीतरी खोट असणार, असं म्हणून मामा तिथूनही परतले. बाकीच्यांनी नुसतं ‘नंतर कळवतो’ म्हटलं. मामांना या वाक्याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको होता. पोहे होत राहिले. पण खरं सांगायचं तर पुढे पुढे मामा दोन बशांवरून एकीवर आले होते, आणि ते मामींच्या लक्षात आलेलं मला दिसत होतं.

आणि मग काखेत कळसा निघाला. आमच्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका मामांनी मोहल्ल्याच्या तोंडाशी असलेल्या एका छोट्या प्रेसमधून छापून घेतल्या होत्या. जुने मालक गेल्यावर ती प्रेस त्यांची मुलगी नसीम चालवते. व्हॉट्सॲपवरून आमंत्रणं जायला लागली, पत्रिकांचं काम अर्ध्यावर आलं, तेव्हा तिने वर्षाला दोन-तीन पुस्तकं काढायला सुरुवात केली होती. कोकणी मुसलमानी स्वयंपाकाचं एक, उरणच्या कुणा मास्तरांच्या कवितांचं एक. मामा कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका घेऊन गेले असताना ती म्हणाली, “मामा, सगळीकडे फिरवता ती किताब मला नाही का वाचायला देणार?” मामांनी संकोचाने दिली. तीन दिवसांनी सकाळी सकाळी तिचा फोन आला आणि ‘हॅलो’च्या आधी ती ओरडली, “मामा, त्या म्हातारीला मारलीत कशाला तुम्ही? रात्रभर झोप नाही मला!”

त्या दिवशी मामांनी पोहे करू दिले नाहीत. पण नियम तो नियम. दोन दिवसांनी ते न कळवता प्रेसवर गेले आणि विचारलं, “दुकानांतून परत आलेली पुस्तकं कुठे ठेवता?” नसीमने त्यांना मागच्या खोलीत नेलं. तिच्या अम्मीच्या कपाटात, गाद्या-रजयांच्या वरच्या फळीवर, न खपलेली पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून कडुनिंबाचा पाला घालून ठेवली होती. घरी येऊन मामा म्हणाले, “माघारी आलेल्या मुलीला कसं वागवतात ते बघावं. घर चांगलं आहे.”

नसीमने कादंबरीतला मोजणीच्या नियमांचा अख्खा भाग काढायला लावला, तेव्हा मामा दोन दिवस घुम्यासारखे बसून होते. पण तिने ‘मोजणीदाराची कैफियत’ हे नाव बदलून ‘म्हातारीचा बांध’ केलं, तेव्हा मात्र मामा खूश झाले. “नाव सासरचंच लागतं,” असं त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं.

पुस्तक निघालं. मामा दर शनिवारी प्रेसवर जाऊन बाकावर बसायचे आणि विचारायचे, “कशी आहे?” नसीम खरं तेच सांगायची, म्हणजे बहुतेक वेळा, “एकही नाही गेली, मामा.” मामा मान हलवायचे आणि थोडा वेळ बसून उठायचे. असं बरेच महिने चाललं, आणि एके दिवशी नसीमचा मला फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

“दादा, आमचं काही चुकलं का? मामा आमच्याकडे चहा घेत नाहीत. पाणीपण नाही. पत्रिकेला यायचे तेव्हा अम्मीच्या हातचे दोन-दोन कप प्यायचे. अम्मी विचारते, त्यांची किताब आमच्या घरी आली आणि आमचा चहा बाटला काय? काल रडली ती.”

मामा असले नव्हेत हे मला माहीत होतं, पण माणसाचं वय झाल्यावर काय सांगावं? मी तसाच मामांकडे गेलो आणि सरळ विचारलं. मामा आधी गोंधळले, मग त्यांचा चेहरा उतरला.

“अरे देवा! अहो, पण मुलीच्या घरचं कसं घेणार?”

“कुठली मुलगी, मामा?”

“मूल होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत आपल्याकडे. माझ्या वडिलांनी पाळलं. तुमच्या सासऱ्यांनी पाळलं. सगळ्या भाच्यांच्या घरी मी मात्र पोटभर जेवलो, मामाला कसला नेम?” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मला कधी पाळायला मिळालं नव्हतं, जावईबापू.”

मामी आतून पदराला हात पुसत आल्या होत्या, त्या तशाच परत आत गेल्या. दूरच्या भाचीच्या लग्नातसुद्धा अंतरपाटाशी उभा राहून रुबाब करणारा हा माणूस, त्याच्या मनात एवढं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“तुम्हीच सांगा त्यांना,” मामा म्हणाले, “मला लाज वाटते.”

मी काही एकटा गेलो नाही, त्यांना घेऊन गेलो. मी सगळं सांगितलं तेव्हा नसीम ओढणी तोंडावर धरून इतकी हसली की मशीनवरचा माणूस काम थांबवून बघायला आला. “म्हणजे मी विहीण?” असं विचारून ती पुन्हा हसली. मामा मागच्या खोलीच्या दाराशी गेले आणि अम्मीला हात जोडून म्हणाले, “चुकलं माझं, आधी सांगायला हवं होतं. पण नेम आहे.”

अम्मी वयाने मामांहून मोठ्या. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “मग पाळा ना. आम्हाला काय रोजा कळत नाही? फक्त सोडायला दुसरीकडे जाऊ नका, आमच्याकडेच या.” नातू कशाला म्हणायचं हेही तिथेच ठरलं, दुसऱ्या आवृत्तीला.

आता प्रश्न आवृत्ती संपण्याचा होता. मी नसीमला हळूच म्हटलं की पुढची थोडी छापून टाक, म्हाताऱ्याच्या मनाला बरं वाटेल. ती म्हणाली, “खोटं मूल दाखवू त्यांना? मामांनी आमचं घर काय बघून निवडलं, दादा?” पुढे वर्ष गेलं, दुसरं गेलं. मामांना मधुमेह निघाला, गुडघे धरले, शनिवारची फेरी रिक्षाने व्हायला लागली. आमच्या सगळ्यांच्या मनात जे येत होतं ते कुणी बोलत नव्हतं. “पोरगी अजून तिथेच आहे ना? बरी आहे ना? मग झालं,” असं म्हणून मामा पाणी न पिता घरी यायचे.

शेवटी एका लग्नानेच काम केलं. उलव्याचा एक माणूस मुलाची पत्रिका छापायला आला आणि काउंटरवरचं पुस्तक उभ्या उभ्या वाचत राहिला. पत्रिकेचं विसरूनच गेला. मग म्हणाला, “ही त आमचे आजीची गोष्ट हाय! ती पन अशीच बांधावं बसली व्हती. जेवरी हायेत तेवरी बांधा. हलदीला येतील त्यांना एकेक देतो, पेढं कोन खातंय आता, सगल्यांना शुगर हाय.”

दुसरी आवृत्ती निघाली त्या शनिवारी मी आणि बायको मामा-मामींना घेऊन प्रेसवर गेलो. मामींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि हातात मोठा डबा होता. त्यात डिंकाचे लाडू. बाळंतिणीचे असतात तेच. त्यांनी तो नसीमच्या हातात दिला आणि काही न बोलता तिच्या तोंडावरून हात फिरवला. अम्मी चहा घेऊन आल्या. बशीत एक खजूर ठेवलेला होता. मामांनी आधी तो खाल्ला, मग चहा बशीत ओतून सावकाश प्यायले. डॉक्टरांनी साखर बंद केली होती, पण तो विषय कुणी काढला नाही.

“आलं जरा जास्त झालंय,” मामा म्हणाले.

“पुढच्या वेळी कमी घालते,” अम्मी म्हणाल्या. मामांनी आणखी अर्धा कप मागून घेतला.

परतताना मी रिक्षात त्यांना विचारलं, “मामा, आता दुसरी कधी लिहायला घेताय?”

“दुसरी कुठली, जावईबापू?” मामा म्हणाले, “एकुलती एक होती.” आणि वळण येईपर्यंत ते मान वळवून प्रेसच्या दाराकडे बघत राहिले.