नमुना ब आणि नामदेवभाऊंची वही

परवा आमच्या यवतमाळच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी गंमत म्हणून लिहिलं, "आठवतं का, शिपायानं लॅब पेटवली होती..." म्हणून हे लिहिते आहे. ती त्याने पेटवली नव्हती.

साठच्या दशकातली गोष्ट. मी केमिस्ट्रीची नवी लेक्चरर, नामदेवभाऊ लॅब अटेंडंट. प्रदर्शनासाठी मी काचेसारख्या प्लास्टिकचे दोन नमुने केले होते. अ सावकाश, नीट. ब घाईत, पेरॉक्साइड, म्हणजे रेणू जुळायला सुरुवात करून देणारं रसायन, दुप्पट घालून.

पेरॉक्साइड जास्त म्हणजे रेणूंच्या साखळ्या आखूड. आखूड साखळ्यांना टोकं जास्त, आणि हे प्लास्टिक तापलं की विणकामासारखं टोकापासून उसवतं. उसवून जी वाफ होते, ती पेट घेते... हे मीच वर्गात शिकवत होते.

नमुने बर्नरवर तापवताना दर दोन मिनिटांनी वहीत तापमान लिहायचं काम भाऊंचं. अक्षर सुरेख. अ व्यवस्थित टिकला. ब लावला तेव्हा ते म्हणाले, "बाई, हा तर आत्ताच धूर सोडून राह्यला. उतरवू काय?"

"अ इथपर्यंत टिकला होता ना? तुम्ही आकडे लिहा, केमिस्ट्री मी बघते."

भाऊ हसले. "लिहितो बा." पुढच्याच मिनिटाला वाफेने पेट घेतला. त्यांचे दोन्ही हात गेले... म्हणजे होते, पण पेन धरता येत नव्हतं.

चौकशीत प्राचार्यांनी लिहिलं, अटेंडंटने ज्योत वाढवली. मी नवी होते. गप्प बसले. भाऊंची नोकरी गेली, आणि वही मी घरी आणली.

काल पांढरकवड्याला त्यांच्या मुलीकडे, सुजाताकडे गेले. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. तिने वहीचं शेवटचं पान दोनदा वाचलं. तापमान प्रत्येक ओळीत ठरल्याप्रमाणे चढलेलं. खाली भाऊंचं अक्षर: 'नमुना ब. धूर लवकर. बाईंना सांगितले.'

"इतके वर्ष काहून ठेवली, बाई?"

"भीतीने," मी म्हणाले.

"बाबानं कधी तुमचं नाव नाही घेतलं. एवढंच म्हणत, वहीत लिहून हाय."

चहा तिने दिला. मला तो संपवता आला नाही.

सुपूर्द केले: प्रयोगवही एक, सर्व पाने शाबूत. नामदेवभाऊंनी ज्योत वाढवली नव्हती, असे माझ्या सहीचे निवेदन एक. घेणार: सुजाता नामदेव. वाचून सही केली.