अर्ध्यावर थांबवलेला विलाप

होत्निदाच्या आईबद्दल मी लिहावं इतकी काही ती मला कळली नव्हती. आमच्याकडे बाईला लेकराच्या नावाने ओळखतात आणि समोर आदराने ‘इनांग’ म्हणतात, पुरुषाला ‘आमांग’. चाळीस वर्षं ती समोरच्या घरात राहिली, आणि तिचं माहेरचं नाव मला तिच्या थडग्याच्या क्रुसावर वाचून कळलं. पण मी तिच्याशी एकदा वाईट वागलो होतो, तेवढं मात्र नक्की ठाऊक आहे.

ती विलाप करायची. आमच्या तोबा सरोवराकाठी कोणी गेलं की जाणत्या बायका शवपेटीशी बसून तिथल्या तिथे ओळी रचत, सुरात रडत. त्या रडण्याचे शब्दच वेगळे. हातांना हात म्हणायचं नाही, ‘मागणारे’ म्हणायचं. पायांना ‘तुडवणारे’. जुन्या मिशनऱ्यांच्या काळापासून आमच्या ख्रिस्ती मंडळीला हे खपत नसे. हे म्हणजे मेलेल्यांच्या आत्म्यांना हाका मारणं, असं वाटे.

तिचा नवरा सरोवरात बुडाला त्या वर्षी मी नुकताच मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा पंच, झालो होतो. त्या पदाचा काळा कोट नवा होता. शवपेटीशी बसून ती नवऱ्याला विचारत होती, तुझे तुडवणारे ओले का, घरी येताना ते वाट कशी चुकले. मी उभा राहिलो.

“इनांग, पुरे. आपण ख्रिस्ती माणसं आहोत.”

आणि तिच्या आवाजावर मी प्रार्थनागीत सुरू केलं. ती गप्प झाली. पुढच्या रविवारी बाकावरची तिची जागा रिकामी होती. मग अकरा वर्षं रिकामीच राहिली.

ती परत यावी म्हणून माफी मागायला मी कितीदा तरी रस्ता ओलांडला. दर वेळी दारात उभा राहून तिच्या कोंबड्यांची चौकशी केली आणि मागे फिरलो. माझी बायको लामरिया विचारायची, “काय, कोंबड्या बऱ्या आहेत ना?”

मग लामरिया गेली. बायका गीतं म्हणत होत्या, चांगली म्हणत होत्या. मी उठून समोरच्या घरी गेलो.

“इनांग, तिच्यासाठी रडाल?”

“अहो आमांग, मंडळीत चालत नाही ना ते? तुम्हीच सांगितलंत.”

“मीच विचारतोय आता.”

“चर्चच्या पाळकबाईंना विचारलंत?”

“नाही.”

“भीती नाही वाटत?”

“वाटते.”

“थांबा, केस विंचरून येते.”

ती शवपेटीशी बसली. पाळकबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी हातातलं गीतांचं पुस्तक मिटलं. आधी ती लामरियाशी बोलली, भांडलीसुद्धा. मग सूर बदलला. मला आठवतं ते असं:

लामरिया, तुझे मागणारे आता जोडलेले,
ते काही मागत नाहीत.
माझे अजून उघडे आहेत, देवा.
एक दार तू लावलंस, एक माझ्या शेजाऱ्याने.
कुठलं ठोठावू, ते तूच सांग.

माझी मान वर होईना. पुरून आल्यावर कॉफी घेताना मी म्हणालो, “विलाप शेवटी देवाकडे जातो, हे मला ठाऊकच नव्हतं.”

“आधी मेलेल्याशी बोलायचं, मग देवाशी. त्या दिवशीही मी तिथेच निघाले होते. तुम्ही अर्ध्यावर थांबवलंत.”

“चुकलो मी.”

“एवढंच बोलायला अकरा वर्षं कोंबड्यांची चौकशी केलीत!” ती म्हणाली, आणि डोळे पुसून हसली.

त्या रविवारी ती मंडळीत आली, आपल्या जागी बसली. नंतर तीन वर्षं एकही रविवार चुकवला नाही. तिच्या मनात पुरतं निवळलं होतं का, ते मी विचारलं नाही. शेवटच्या रविवारी, ती जायच्या चार दिवस आधी, तिने मला चर्चच्या पायरीवर गाठलं.

“आमांग, पुढच्या वेळी गीत जरा खालच्या सुरात सुरू करा. आम्हा म्हाताऱ्यांचा आवाज वर पोचत नाही.”

“बरं. पण मला खाली नाही जमलं तर?”

“मी धरते ना सूर. जा आता, भात निवेल.”