पृथ्वीवरचे सगळे ग्लुगरी

आपण नामशेष झालो आहोत, ही बातमी कन्सेप्टा ओ'ग्लुगरीला रेडिओवरून कळली.

त्या शुक्रवारी ती म्हाताऱ्यांची बस घेऊन कॅरिकच्या बाजाराला निघाली होती. आमच्या किलनागुल गावातून आठवड्यातून एकदा ही बस सुटते आणि गेली वीस वर्षं कन्सेप्टाच ती चालवते. माझी दाढ ठणकत होती, म्हणून पोस्टाचं काउंटर आणि दुकान बहिणीवर टाकून मीही पुढच्या सीटवर बसले होते. रेडिओवर कोणी एक विद्वान गृहस्थ आयर्लंडमधली दुर्मिळ आडनावं सांगत होते. आवाज असा, की ऐकणाऱ्याला जांभई यावी. "आणि ग्लुगरी," ते म्हणाले. "लीट्रिमच्या एका कोपऱ्यात कधीकाळी हे आडनाव होतं. आता बहुधा नामशेष."

कन्सेप्टानं असा काही ब्रेक मारला, की नव्वदीच्या मिसेस गिलहूलींची कवळी दोन सीट पुढे येऊन पडली.

"नामशेष?" कन्सेप्टा म्हणाली. "मी?"

"दिसत तरी नाहीस गं," मिसेस गिलहूली कवळी पुसत म्हणाल्या.

कन्सेप्टानं रस्त्याच्या मधोमध बस उभी करून रेडिओ स्टेशनला फोन लावला. मागे एक ट्रॅक्टर आणि सात गाई खोळंबल्या. फोन लागला, आणि तिचाच आवाज आम्हाला रेडिओतूनही ऐकू यायला लागला.

"हॅलो. मी नामशेष बोलतेय."

निवेदक बिचारा चाचरला. तुम्ही एकूण किती जण आहात, असं त्यानं विचारलं.

"बारा."

"आणि राहता कुठे?"

"एकाच रस्त्यावर."

"अरे वा! म्हणजे सगळे अगदी मिळूनमिसळून..."

कन्सेप्टानं फोन बंद केला.

कारण मिळूनमिसळून म्हणजे काय ते ग्लुगरींना ठाऊकच नव्हतं. रस्त्याच्या डाव्या हाताला राहतात ते ओ'ग्लुगरी, उजव्या हाताला राहतात ते मॅकग्लुगरी. सहा इकडे, सहा तिकडे. आमच्याकडे ओ म्हणजे नातू आणि मॅक म्हणजे मुलगा. पण कोणाचा नातू आणि कोणाचा मुलगा, हे दोन्ही बाजूंना सांगता येत नसे. तरी भाऊबंदकी अशी, की मधल्या रस्त्यावरचा खड्डा दोघांपैकी कोणीच बुजवत नव्हतं. उजव्या बाजूचा म्होरक्या लॉर्कन मॅकग्लुगरी, कन्सेप्टाचा सख्खा आतेभाऊ. विधुर, उंच, आणि कानात केस. एकोणीस वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. त्यांची आजी जन्मानं मॅकग्लुगरी आणि लग्नानं ओ'ग्लुगरी. जवळपास दुसरा नवराच नव्हता, करते काय? ती वारली तेव्हा थडग्यावर ओ कोरायचा की मॅक, यावरून दफनाच्या दिवशीच जुंपली. पाथरवट दोन तास पावसात उभा राहिला. शेवटी त्यानं फक्त "आजी" एवढंच कोरलं आणि घरी गेला.

पण आडनावाचा अभिमान म्हणाल तर कन्सेप्टाइतका कोणालाच नव्हता. लग्न केलं नाही ते त्यापायीच, असं ती म्हणे. "मर्फी व्हायचं? गोटा फेकला तर मर्फीला लागतो." स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिनं जगाचा नकाशा लावला होता, आणि जिथे जिथे ग्लुगरी सापडेल तिथे ती टाचणी टोचायची. बारा टाचण्या आमच्या गावावर, इतक्या दाटीनं की लीट्रिम दिसायचंच नाही. एक वेक्सफर्डला, तिथे १९०१ साली एक ग्लुगरी पोलीस होता आणि महिन्याभरात घरच्या आठवणीनं परत आला होता. एक समुद्रात. ती कन्सेप्टाच्या पणज्याच्या भावाची, थेडीची. तो बटाटे काढायच्या कामाला इंग्लंडला जातो म्हणून निघाला आणि त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. घरचे म्हणत, बुडाला असेल. कन्सेप्टा म्हणे, "बुडाला असेल तर ठीक आहे. नाहीतर फार उद्धट होता."

तर रेडिओच्या त्या प्रकरणानंतर कन्सेप्टानं ठरवलं, की ऑगस्टमध्ये गावच्या हॉलमध्ये जगातल्या सगळ्या ग्लुगरींचं संमेलन भरवायचं. आता सहा माणसांचं संमेलन म्हणजे रविवारचं जेवणच की. उजवी बाजू हवीच होती. दुसऱ्या दिवशी दोघं माझ्या दुकानात आले, काउंटरच्या दोन टोकांना उभे राहिले, आणि मला मध्ये घालून वाटाघाटी सुरू झाल्या.

"डिंपना, त्या बाईला सांग, बॅनरवर मॅक आधी येईल," लॉर्कन म्हणाला. "मुलगा आधी की नातू आधी? साधी अक्कल आहे."

"डिंपना, त्या माणसाला सांग, मुलगा काय मांजरालाही होतो. नातवापर्यंत पोचलं तर त्याला घराणं म्हणतात."

"तिला सांग, तिच्या घराण्यात नातू कुठाय?"

"त्याला सांग, आधी स्वतःच्या कानात झाडलोट कर म्हणावं."

मी म्हटलं, "अरे, दोघांनाही ऐकू येतंय! मी काय टेलिफोनची तार आहे?" तासाभरानं तह झाला. बॅनरवर नुसतं "ग्लुगरी" लिहायचं आणि त्याच्या आधी वीतभर जागा कोरी सोडायची. ज्यानं त्यानं आपापल्या मनात भरून घ्यावं.

संमेलनाच्या आठवडाभर आधी दोन पत्रं आली. पहिलं अर्जेंटिनाहून. रेडिओवरचा तो कार्यक्रम इंटरनेटवर फिरत फिरत तिथे पोचला होता. ग्रासिएला ग्लुगारी नावाच्या दातांच्या डॉक्टरीण बाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, की आमचा मूळ पुरुष थेडी, आणि आम्ही येतोय, "छत्तीस". कन्सेप्टा म्हणाली, हे तिचं वय असणार.

दुसरं पत्र गॉलवेच्या एका इतिहासकार बाईंचं. आडनावाचा अर्थ काय, असं कन्सेप्टानं त्यांना विचारलं होतं. ग्लुगरी म्हणजे "घणघणीत आवाजाचा", राजाचा भाट, अशी तिची लहानपणापासूनची समजूत. माझ्या काउंटरवरच तिनं पाकीट फोडलं, वाचलं, आणि पिठाच्या पोत्यावर मटकन बसली.

"काय झालं गं?"

"अंडं," ती म्हणाली.

"कसलं अंडं?"

"नासकं."

मी पत्र घेतलं. बाईंनी फार आदबीनं लिहिलं होतं. ग्लुगर म्हणजे कोंबडीनं एकवीस दिवस उबवूनही ज्यातून पिल्लू निघत नाही आणि हलवलं की जे आत खळखळतं, असं अंडं. ज्याच्याकडून फार आशा होती आणि ज्याच्या हातून काहीच झालं नाही, अशा कोणा पूर्वजाचं हे टोपणनाव असावं. म्हणजे ओ'ग्लुगरी हे नासक्या अंड्याचे नातू आणि मॅकग्लुगरी ही थेट पोरं.

"निदान तू एक पिढी लांब आहेस," मी म्हटलं.

"दात काढू नकोस! हे त्या लॉर्कनला कळलं तर बघ." तिनं पत्र घडी करून पायमोज्यात कोंबलं.

संमेलनाच्या दिवशी दुपारी एक वाजता आम्ही हॉलमध्ये बसलो होतो. वीस माणसांपुरती हॅमची सँडविचेस, सफरचंदाचे तीन टार्ट आणि चहाची मोठी किटली. बारा ग्लुगरी, सहा इकडे, सहा तिकडे. तेवढ्यात बाहेर एक भलीमोठी बस थांबली. तिच्यातून माणसं उतरायला लागली ती थांबेचनात. म्हातारे, तरुण, तान्ही बाळं, एक गिटार, दोन पाद्री. छत्तीस हे वय नव्हतं. ते डोकी मोजून सांगितलेलं होतं.

आणि सगळ्यांचे कान! लॉर्कनसारखे, केसांसकट.

सर्वांत पुढे ग्रासिएलाबाई. पन्नाशीच्या, लाल फ्रेमचा चष्मा, रणगाड्यासारखी चाल. त्यांनी कन्सेप्टाला कवटाळलं, मग लॉर्कनला, मग मला, मग रखवालदाराला. भाषेची मात्र पंचाईत झाली. मी धावत जाऊन कॉन्व्हेंटमधून सिस्टर अट्राक्टांना घेऊन आले. त्या तीस वर्षं अर्जेंटिनात नर्स होत्या. आता वय ब्याऐंशी; स्पॅनिश उत्तम, कान अर्धा.

सिस्टरांनी सांगितलं ते असं. बटाटे काढून झाल्यावर थेडी लिव्हरपूलच्या बंदरावर पोचला. परतीचं जहाज कुठलं, हे विचारायची त्याला लाज वाटली, म्हणून दिसेल त्या जहाजावर चढला आणि झोपला. जाग आली तेव्हा फार उकडत होतं. पुढे त्यानं मेंढ्या पाळल्या, लग्न केलं आणि अकरा मुलं झाली. ग्रासिएलाबाईंनी एक कागदाची गुंडाळी काढली आणि ती उलगडली. ती टेबलावरून खाली आली, स्टेजपाशी गेली, दारापर्यंत पोचली. चारशे बारा ग्लुगारी. गावाचा महापौर ग्लुगारी, औषधवाला ग्लुगारी, फुटबॉलच्या संघात नऊ ग्लुगारी. उरलेले दोघं जावई.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कन्सेप्टा कुठे दिसेना. शोधलं तर स्वयंपाकघरात सँडविचेसचे चार-चार तुकडे करत उभी होती, डोळे लाल.

"अगं, आनंद व्हायला हवा तुला," मी म्हटलं.

"झालाय ना." एक तुकडा तिनं पुन्हा अर्धा केला. "पण आम्ही बाराच होतो, डिंपना. मी दिसायला बेताची, शिक्षण बेताचं, आयुष्यभर बस चालवली. पण दुर्मिळ होते! आता काय? आता आम्ही पण मर्फीच."

मी म्हटलं, "चहा कमी पडणार आहे." कधीकधी तेवढंच म्हणता येतं.

बाहेर आलो तर ग्रासिएलाबाई नेमकं नको तेच विचारत होत्या. आडनावाचा अर्थ काय? आमच्याकडे कोणालाच माहीत नाही.

"राजाचा भाट," कन्सेप्टा पटकन म्हणाली.

"रणदुंदुभी," लॉर्कन त्याच क्षणी म्हणाला.

"हे काय सांगतायत?" सिस्टर अट्राक्टांनी मला विचारलं. "ग्लुगर ना? अगं, माझी आई रोज म्हणायची. नासकं अंडं!" आणि कोणी थांबवायच्या आत त्यांनी ते स्पॅनिशमध्ये खणखणीत आवाजात सांगून टाकलं. वर मूठ कानाशी धरून हलवूनही दाखवली.

हॉलभर ऐकू जाईल असा एका बाळानं ढेकर दिला.

मग ग्रासिएलाबाईंच्या मागचा एक जाडजूड म्हातारा हसायला लागला. हसता हसता खुर्चीवरून घसरला. त्याला उचलायला गेलेले दोघं हसू आवरेना म्हणून त्याच्या शेजारीच बसले. बघता बघता छत्तीसच्या छत्तीस ग्लुगारी मुठी कानाशी धरून हलवायला लागले.

आमचे बारा मात्र हसत नव्हते. कन्सेप्टानं पायमोज्यातून पत्र काढलं. आता लपवून काय उपयोग? शेवटचा परिच्छेद तिनं त्या दिवशी दुकानात वाचलाच नव्हता. मीही नव्हता. तो तिनं आता मोठ्यानं वाचला. "हे टोपणनाव बहुधा शेजारच्या शॅनली घराण्यानं हेटाळणीनं दिलं असावं."

शॅनली हे माझं माहेर.

कन्सेप्टा हळूच वळली. लॉर्कनही वळला.

"ऐकलंस, लॉर्कन?" ती म्हणाली.

"ऐकलं, कन्सेप्टा," तो म्हणाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, मध्ये मी नसताना.

"सातशे वर्षं यांच्या दुकानातून साखर घेतोय आपण."

"आणि वजनात मारते ती वेगळीच."

"अरे, मी कुठे नाव ठेवलं?" मी ओरडले. "आणि दुकान सातशे वर्षांचं नाहीये!" पण ऐकतंय कोण? बाराही ग्लुगरी एका बाजूला उभे होते आणि दुसऱ्या बाजूला मी एकटी, हातात किटली. त्या संध्याकाळी डाव्याउजव्यांनी मिळून गाणी म्हटली, पाहुणे घरोघर वाटून घेतले, आणि माझ्याकडून पंधरा दिवस कोणी साखर घेतली नाही.

जानेवारीत कन्सेप्टा अर्जेंटिनाला गेली, सदुसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा विमानात. दोन आठवड्यांसाठी गेलेली बाई अकरा आठवडे राहिली. बस लॉर्कननं चालवली, आणि इतकी हळू, की मिसेस गिलहूली म्हणाल्या, मी चालत पुढे जाऊन बाजार करून येते.

तिकडून मला तिचं एकच पत्र आलं. लिहिलं होतं, "इथे औषधाच्या दुकानात मी नाव सांगितलं, ग्लुगरी. मुलीनं स्पेलिंग विचारलं नाही, डिंपना. जन्मभर मी फोनवर एकेक अक्षर सांगत आले. इथे पोरीनं मान वर न करताच विचारलं, कुठली ग्लुगरी? मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि मनसोक्त रडले. मग आइस्क्रीम खाल्लं. दाढदुखी कशी आहे तुझी? ग्रासिएला म्हणते, काढून टाक."

आता ती परत आली आहे. दर मंगळवारी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अट्राक्टांकडे सगळे बारा ग्लुगरी स्पॅनिश शिकतात. लॉर्कनला चार महिन्यांत एकच वाक्य यायला लागलंय, "गाढव आजारी आहे". तेही तो चुकीचं म्हणतो, असं कन्सेप्टाचं म्हणणं. काल दोघं दुकानात आले तेव्हा तेच चाललं होतं.

"गाढव आजारी नाहीये रे, तू म्हणतोस ते 'गाढव लग्नाळू आहे' असं होतं."

"मग असेल लग्नाळू! तुला काय करायचंय?"

"तिकडे जाऊन चारशे माणसांसमोर आपलं नाव घालवणार आहेस."

"आपलं नाव?" लॉर्कन म्हणाला. "कन्सेप्टा, आपलं नाव आणखी कसं घालवणार गं?"

ती हसता हसता काउंटरला टेकली. मग दोघांनी मिळून दोन किलो साखर घेतली आणि माझ्यादेखत, माझ्याच काट्यावर, पुन्हा तोलून पाहिली.