माहेरच्या नावाची हाक

नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "पिशवीच्या तोंडाचा तुकडा घेतलाय, तपासायला पाठवायचाय." मी हातातली कापडी पिशवी उघडून तिच्यासमोर धरली. म्हटलं, "सिस्टर, तोंड तर धड हाय. तुकडा कुठून घेतला?"

पिशवीत चार केळी आणि बायकोचं धुतलेलं पातळ होतं. नर्स माझ्याकडं बघतच राहिली. बाकावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. सरकारी कारकून, दोन लेकरांचा बाप, आणि बाईच्या पोटातल्या पिशवीला तोंड असतं हे मला परभणीच्या त्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत कळलं.

बायको बाहेर आली तेव्हा तिला हा किस्सा सांगितला. एरवी असा माल तिनं वर्षभर पुरवून वापरला असता. ती हसली नाही.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. थोडं रक्त जाईल, औषध लावलंय म्हणून काळपट पाणी जाईल, घाबरायचं नाही. जड उचलायचं नाही. "आणि तुम्ही," भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघत त्या मला म्हणाल्या, "काही दिवस जरा लांब झोपा." मीही कॅलेंडरालाच मान हलवून होकार दिला. तुकडा नांदेडला जाणार होता. आत काही वाईट असलं तर तिथून कळणार होतं.

मदतीला पेडगावहून आई आली. काळं पाणी थांबलं, ओटीपोटातली कळही गेली. तरी घरात काहीतरी जागेवर नव्हतं. बायकोला हाक मारली की ओ यायला उशीर व्हायचा. ती समोरच असायची, पोळी लाटत, आणि ओ मात्र लांबून कुठून तरी पायी चालत आल्यासारखी यायची. भाजीत मीठ नसायचं. ती स्वतः तीच भाजी गुमान खायची. बसली की पाठ भिंतीला चिकटवून. लेकरू मागून येऊन बिलगलं तर दचकून उभी राहायची आणि मग कितीतरी वेळ त्याच्याकडं ओळख नसल्यासारखी पाहायची.

आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ही बसलीय खरी, पन घरात न्हाई."

"अशक्तपणा हाय, आई. गूळ-शेंगदाणे दे तिला." मी पडलो विज्ञान मानणारा माणूस, पिशवीचं सोडून बाकी सगळं मला ठाऊक होतं.

त्यातच विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारला गेला. एस.टी. उभ्या, कचेऱ्या ओस. रिपोर्ट नांदेडलाच अडकला. त्या दिवशी भर दुपारी मी बनियनवर लवंडलो होतो, तर पुढच्या दारातून कुणाला तरी हाक मारल्याचं ऐकू आलं. कुण्या पोरीचं नाव होतं. परकी बाई घरात यायलीय म्हणून मी घाईघाईनं सदरा चढवला, तोही उलटा, आणि बाहेर आलो.

बायको उंबऱ्यावर उभी होती. समोर पांढरंफक ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ती त्या रिकाम्या रस्त्याला हळू आवाजात म्हणत होती, "ये गं. घरी ये."

"कुणाला बोलवायलीस?"

"मला."

तेव्हा कुठं आठवलं. ते तिचंच नाव होतं, चुडाव्याचं, माहेरचं. लग्नात ताटातल्या तांदळावर मी दुसरं नाव लिहिलं आणि हे विसरून गेलो. इथं ते लिहीत नाही. ते तिचं आहे.

"पाय लोखंडात अडकवले तवा मी छताकडं पाहात होते," ती म्हणाली. "मग छतावरून खाली पाहायला लागले. खाली एक बाई पडलेली. कुणी तिच्याशी बोलंना. डॉक्टरीण म्हनली, झालं, उठा. मी उठले. ती न्हाई उठली."

मी तसाच उलट्या सदऱ्यात आईकडं गेलो आणि सगळं सांगितलं. आईला मात्र काहीच नवल वाटलं नाही. "लेकरू जिथं भेलं तिथंच त्याचा जीव ऱ्हातो, तिथंच जाऊन हाक मारावी लागती. घरून बोंबलून येत न्हाई. अन् आनताना मागं बघायचं न्हाई." एवढं बोलून ती माझ्याकडं बघत बसली.

"मी?"

"कागद आनायला जानारच हाईस न्हवं?"

बंद उठल्यावर गेलो. रिपोर्ट आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधी सूज आहे, गोळ्यांनी बरी होईल. मी उड्या मारत घरी सुटायला हवं होतं. पण पाय तपासणीच्या खोलीपुढं थांबले. हिरवा पडदा ओढलेला. मी खाकरलो, इकडंतिकडं पाहिलं आणि पुटपुटत हाक मारली.

"कोन पाहिजे?" तीच नर्स.

"कुणी नाही."

"मग बोलवायलाव कुणाला?"

मी पुन्हा हाक मारली. जरा मोठ्यानं, माहेरच्याच नावानं.

"ओ," पडद्यामागून आली. लगेच. कोवळ्या आवाजात.

नर्सनं पडदा सारला. आत टेबल, त्याच्या लोखंडी कड्या, कोपऱ्यात बादली. माणूस कुणी नाही.

"बाहेरून दिली असंल कुणी," ती म्हणाली. मीही तेच म्हणालो. दोघंही जरा घाईनंच म्हणालो.

ऑटोत मी अगदी कडेला, एका मांडीवर बसलो. ऑटोवाला म्हणाला, "साहेब, सरकून बसा की. समदी शीट रिकामी हाय."

"असू दे," मी म्हटलं. मान अवघडली, पण घर येईपर्यंत समोरच पाहात राहिलो.

दारात बायको उभी होती. मी उंबऱ्यातच रिपोर्ट काढून फडकवला. "साधी सूज हाय! वाईट काही न्हाई!"

तिनं कागदाकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज जवळून आला.

"कागद मग वाचा. दार अडवून काय उभारलाव, आधी तिला आत येऊ द्या."